वर न येणारं पेडल

नानांच्या गाडीचं क्लचचं पेडल एका सकाळी खाली गेलं ते परत वर आलंच नाही.

बाकी गाडीला काही झालं नव्हतं. इंजिन नेहमीसारखं खाकरत होतं, दिवे लागत होते, हॉर्न तर कधीकधी न दाबताही वाजत होता. पेडल तेवढं जेवून लवंडलेल्या माणसासारखं तळाशी पडून राहिलं. नानांनी वाकून ते हातानं उचललं. आलं बिचारं. पायानं दाबलं, खाली गेलं, पुन्हा तिथंच मुक्काम. मग त्यांनी बुटाचं टोक खाली सरकवून पेडल वर ढकलायचा प्रयत्न केला. पेडल तिथंच राहिलं आणि पायातला बूट निघाला.

दुसरा कुणी असता तर एक शिवी हासडून मोकळा झाला असता. नानांचा पहिला संशय नेहमी स्वतःवर असे. कुलपात किल्ली फिरली नाही की आपण भलत्याच घरी आलो असं त्यांना वाटे. जन्मभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती, आणि लोकांच्या चुका शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला स्वतःच्या सापडायला फारसा वेळ लागत नाही. आपणच पेडल जास्त जोरात दाबत असू. कित्येक वर्षं दाबत असू, आणि त्यानं भिडेखातर आजवर काही म्हटलं नसेल, असा विचार करत ते एका पायात बूट घालून गाडीतच बसून राहिले.

"बिघडली ना?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून माईनं विचारलं. बायकोच्या या आवाजात काळजी नव्हती हे नानांच्या लक्षात आलं.

"बिघडली असं नाही म्हणता येणार. पेडल खाली जातंय. फक्त वर येत नाही."

"म्हणजे अर्धी बिघडली," माई म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

तिचंही चुकत नव्हतं. गाडी जुनी, साय-रंगाची, पाठीला गोल पोक असलेली, आता कुठेच न बनणारी. रस्त्यात थांबली की अनोळखी माणसं जवळ येऊन तिच्या बॉनेटवरून हात फिरवत, तब्येत विचारत. आत बसलेल्या बाईची तब्येत कुणी विचारत नसे. नाना चालवायला बसले की इंजिनाचं ऐकत. माई काही सांगू लागली की तिला बोट दाखवून थांबवत, आणि डोकं जरा कलतं करून म्हणत, "हा आवाज काल नव्हता." असं बरीच वर्षं चालल्यावर तिनं गाडीत बसणंच सोडलं. बाजारात ती चालत जाई, लांब जायचं असेल तर बसनं. गाडीचा उल्लेख ती 'त्या बाई' असा करी.

आणि आता वाहन कार्यालयाची तपासणी आली होती. जुन्या गाड्यांना दर थोड्या वर्षांनी तिथं नेऊन रस्त्यावर चालायला लायक असल्याचा दाखला घ्यावा लागे. या खेपेला माईनं सांगून ठेवलं होतं, की गाडी नापास झाली तर ती जाईल. जावयाच्या ओळखीचा एक हॉटेलवाला ती न्यायला टपलेला होता. हॉटेलच्या दारात उभी करून बॉनेटखालचं सगळं काढायचं आणि तिथं माती भरून फुलझाडं लावायची, असा त्याचा बेत होता. नानांनी मान डोलावली होती. नाही म्हणायची वेळ आली की त्यांची मान आपोआप हो म्हणे. पण त्या दिवसापासून ते कुंडीतल्या झाडांकडे जरा रागानं बघू लागले होते.

गॅरेजवाल्या वस्तादानं पेडल एकदा दाबून पाहिलं आणि खेदानं मान हलवली. "स्प्रिंग गेली. पेडलला मागं ओढणारी. आता कोण बनवतो हे? ठेवून जा गाडी, बघू."

गॅरेजच्या मागच्या भिंतीशी अशीच 'बघू' म्हणून ठेवून गेलेली एक गाडी होती. तिच्या खिडकीतून एक वेल बाहेर येऊन छपरावर चढला होता. नानांना हॉटेलवाल्याची आठवण झाली. "विचार करून सांगतो," असं पुटपुटत त्यांनी पेडल हातानं वर काढलं आणि गाडी पहिल्याच गिअरमध्ये घरी आणली. वाटेत त्यांना एका सायकलवाल्यानं मागं टाकलं. पुढं जाऊन तो थांबला आणि काही मदत हवी का, असं त्यानं विचारलं.

पुस्तकी माणूस अडचणीत सापडला की पुस्तकाकडे जातो. नानांनी गाडीचं माहितीपुस्तक कपाटातून काढलं. त्याची बांधणी इतकी घट्ट होती की हात काढला की पान मिटे. म्हणून त्यांनी टेबलावरचं कागदात गुंडाळलेलं एक वजन पानावर ठेवलं. नुकताच अंगणात सापडलेला, ग्रीस आणि माती माखलेला कसलातरी लोखंडी तुकडा होता तो. फाटकाचा असेल, कधीतरी लागेल म्हणून त्यांनी उचलला होता, आणि पुस्तकांना डाग पडू नयेत म्हणून कागदात गुंडाळून वर दोरा बांधून ठेवला होता. मग चष्मा पुसून त्यांनी क्लचचं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात त्यांना छपाईच्या तीन चुका सापडल्या. एका ठिकाणी ओळच्या ओळ दोनदा छापलेली होती. त्या समाधानात पेडलचं काय करायचं हे वाचायचं राहिलं, म्हणून त्यांनी ते प्रकरण पुन्हा वाचलं, तर चौथी सापडली.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी गाडीत डोकं घातलं, सवयीनं खिशातली बॅटरी काढली आणि "मोठा आ करा" म्हणायचंच तेवढं बाकी ठेवलं.

"हालतंय," ते म्हणाले. "अशा केसमध्ये मी काढूनच टाकतो."

"काढून गाडी चालणार कशी?"

"दुसरं बसवायचं. माझ्याकडे जुन्या खुर्चीची स्प्रिंग पडलेली आहे. दीडशे किलोचा पेशंट वर उचलायची ती."

दीडशे किलोचा पेशंट उचलणाऱ्या स्प्रिंगनं पेडल वर येतं का, ही शंका नानांना आली होती. पण डॉक्टर स्वतः गाडीखाली शिरले होते, आणि आपल्यासाठी गाडीखाली शिरलेल्या माणसाच्या पायांशी शंका काढणं नानांना प्रशस्त वाटेना. स्प्रिंग बसली. नानांनी सगळं वजन टाकून पेडल कसंबसं दाबलं आणि पाय जरा सैल केला. पुढचं त्यांना नीट आठवत नव्हतं. गुडघा स्टीअरिंगवर आपटला, हॉर्न लागला आणि लागलेलाच राहिला. गल्लीतली माणसं बाहेर आली, गॅलऱ्या भरल्या, आणि नाना दोन्ही हातांनी गुडघा धरून हसऱ्या चेहऱ्यानं सगळ्यांना "काही नाही, काही नाही" सांगत राहिले. डॉक्टरांनी शेवटी गाडीच्या बॅटरीची वायर उपटली. "रूट कॅनल," ते म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी आपल्या गॅलरीच्या दाराची स्प्रिंग काढून दिली. ती इतकी नाजूक निघाली की पेडल जागचं हललं नाही, फक्त प्रत्येक वेळी खालून बारीकसा सूर येई. वकिलांनी मग स्प्रिंग सोडून सल्ला दिला. "तपासणीत तुम्ही काही बोलू नका. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तरी बोलायचं नाही."

"पण विचारलं तर..."

"नाना, माझे अर्धे अशील खरं बोलून आत गेलेत."

दाखल्याची तारीख जवळ येत होती. नानांनी ठरवलं, सवय करायची. पायानं दाबायचं, वाकून हातानं उचलायचं. एका सकाळी त्यांनी तसा सराव सुरू केला. माई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला दिसलं ते असं, की गाडी गल्लीतून हळूहळू चालली आहे आणि आत कुणीही नाही. मग अचानक स्टीअरिंगच्या मागून नानांचं डोकं वर आलं, रस्ता पाहून दचकलं आणि पुन्हा बुडालं.

माई तशीच जिना उतरली. हातात कपड्यांची दोरी होती, तिच्यावर अजून एक चिमटा लटकत होता. फाटकाशी गाडी अडवून तिनं शेजारचं दार उघडलं.

"मरायचंय का तुम्हाला?"

"नाही. सराव करतोय."

"कशाचा?"

नानांनी पेडलकडे बोट दाखवलं. माई आत बसली, वाकली, पेडलला दोरीची गाठ मारली आणि दुसरं टोक हातात धरून ताठ बसली. "तुम्ही दाबा. मी ओढते. आणि समोर बघा."

नानांनी दाबलं. "ओढ," ते म्हणाले. तिनं ओढलं. गाडी हिसका देऊन पुढं उडाली आणि बंद पडली.

"हळू."

"हळू म्हणजे किती हळू ते सांगा ना. मला काय स्वप्न पडतं?"

सांगावंच लागलं. पाऊण पेडल वर आलं की इंजिनाचा आवाज जरा दबतो, तिथं क्षणभर थांबायचं, मग सोडायचं. नानांनी हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं कुणी. माईनं डोकं जरा कलतं केलं. "हा दबलेला?" "हाच." दुसऱ्या वळणापर्यंत तिला ते जमू लागलं.

आधी फक्त "दाबतोय" आणि "ओढ" एवढंच होतं. पण सिग्नलला बराच वेळ उभं राहावं लागे, आणि हातात दोरी धरून बसलेल्या बाईशी काहीच न बोलणं चमत्कारिक दिसतं. मग इकडचं तिकडचं सुरू झालं. सराव म्हणून दोघं रोज निघू लागले: कधी वाचनालयापर्यंत, कधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, एकदा तर काहीच काम नसताना. मुलीला इकडं यायला लांब पडतं आणि ती सांगत नाही, हे नानांना सिग्नलवर कळलं. आपली धाकटी मेहुणी आपल्याला मनापासून घाबरते, हेही तिथंच कळलं.

"मला? मला कोण घाबरणार?"

"तुम्ही बोलत नाही ना. तिला वाटतं तिच्या बोलण्यातल्या चुका काढत बसता. ओढू?"

"ओढ."

नानांना छापखान्यातली जोडी आठवे. मूळ प्रत एकानं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं मुद्रितावर बोट फिरवायचं, असं काम चाले. वाचणाऱ्याचा आवाज आणि तपासणाऱ्याचं बोट, कुणीच एकट्यानं पुढं जायचं नाही. नोकरी संपल्यावर त्यांना पुस्तकांची उणीव भासली नव्हती. समोर बसून वाचणाऱ्या आवाजाची भासली होती. हे त्यांनी माईला सांगायचं ठरवलं, पण तेवढ्यात सिग्नल सुटला.

तपासणीच्या दिवशी एक नवी अडचण निघाली. नियमाप्रमाणे चालकाच्या शेजारी तपासनीस बसतो. माई मागच्या सीटवर गेली आणि दोरी दोन सीटांच्या फटीतून मागं घेतली गेली. तपासनीस तरुण होता, त्याची नजर यादीवर होती. गाडी आवारात पांढऱ्या पट्ट्यांमधून फिरली. "दाबतोय" म्हणायची सोय नव्हती म्हणून नाना खाकरत. तपासनिसानं एकदा त्यांना खोकल्याची गोळी देऊ केली. दिवे पास झाले, आरसा पास झाला, ब्रेक पास झाला, हॉर्न तर इतका पास झाला की खिडकीतून दोन कारकून डोकावले.

तपासनिसानं पेनाला टोपण लावलं. "आणखी काही?" तो म्हणाला. चहा पिऊन झाल्यावर "बरं मग" म्हणतात तसं.

नानांना वकील आठवले. कुंड्या आठवल्या. पण सगळं पान तपासून झाल्यावर खाली सही करायच्या आधी हाच प्रश्न त्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारला होता, आणि उत्तर ठाऊक असताना गप्प बसणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"क्लचचं पेडल," नाना म्हणाले, "आपणहून वर येत नाही."

मागच्या सीटवर माईनं डोळे मिटून घेतले.

तपासनिसानं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "हे मला कशाला सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत."

"मी सगळ्यांनाच विचारतो, आजोबा. सांगत कुणी नाही."

"त्यांनी सांगितलंच नाही असं समजा," माई मागून म्हणाली.

"आता ऐकू आलंय मला, आजी." त्यानं यादी वरखाली केली. "आणि गंमत बघा, क्लचचं पेडल इथं कुठं नाहीच. गप्प बसला असतात तर आत्तापर्यंत घरी असतात." मग काहीतरी सुचून त्यानं विचारलं, "पण मग इतका वेळ ते वर कोण आणत होतं?"

माईनं दोरी दाखवली.

एवढं मोठं प्रकरण आपल्या अधिकारात बसत नाही म्हणून तपासनीस मोठ्या साहेबांना घेऊन आला. साहेब शांत, चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी दोरी पाहिली, गाठ पाहिली, माईला एकदा ओढायला लावलं.

"असं आहे," ते नानांना म्हणाले, "वाहन चालवायला लागणारा प्रत्येक भाग वाहनाला कायमचा जोडलेला हवा. या बाई कायमच्या जोडलेल्या आहेत का?"

नाना गोंधळले. प्रश्न नियमाला धरून होता, पण त्याचं उत्तर त्यांनी एकट्यानं देण्यासारखं नव्हतं. त्यांनी आरशातून मागं पाहिलं.

"गाडीला नाही," माई म्हणाली. "यांना आहे."

"मग दाखला मी यांना देऊ शकतो," साहेब म्हणाले. "गाडीला नाही. पुढच्या सोमवारी स्प्रिंग बसवून आणा. नाहीतर बाद करावी लागेल."

परतताना माई पुन्हा पुढं बसली. बऱ्याच वेळानं नानांच्या ध्यानात आलं की आपण "ओढ" म्हणालेलोच नाही. वळणं मागं पडत होती, गिअर बदलत होते, पेडल ज्या क्षणी वर यायला हवं त्या क्षणी वर येत होतं. माई खिडकीबाहेर पाहत होती.

घरी आल्यावर नाना टेबलाशी बसले. माहितीपुस्तक त्याच पानावर उघडं होतं. "हॉटेलवाल्याला कळवून टाकू," ते म्हणाले. "बोली ती बोली. मी गप्प बसायला हवं होतं का?"

"बसला असतात तर मला पटलं नसतं." माई दारात उभी होती. "त्याला काही कळवू नका. ते पुस्तकावरचं वजन उघडा."

नानांनी दोरा सोडला. आतून निघाली ग्रीसनं काळी पडलेली, दोन्ही टोकांना आकडे असलेली एक स्प्रिंग. ती जिथं ठेवली होती तिथं, त्याच पानावर, तिचं चित्र होतं, बाण काढून नावासकट. नानांनी ते प्रकरण दोनदा वाचलं होतं. पण मुद्रितं तपासणाऱ्याला चित्र म्हणजे दोन मजकुरांमधली मोकळी जागा. त्यांनी त्यावर वजन ठेवलं होतं ते मजकूर झाकला जाऊ नये म्हणूनच.

त्यांचे कान गरम झाले. मग हातातल्या कागदाकडे लक्ष गेलं. त्यांनी गुंडाळला होता तो छापील होता. हा किराणा सामानाचा, तपकिरी.

"हा कागद..."

"आधीच्याला तेल आलं होतं. मी बदलला."

"कधी?"

"वस्तादाकडून आलात ना, दुसऱ्या दिवशी. रोज पुसते मी ते टेबल."

माईनं खुर्चीच्या पाठीवरची नसलेली धूळ झटकली. "आधी म्हटलं, नाही सापडली तर बरंच. जाईल एकदाची." तिनं खुर्ची टेबलाशी सरकवली. "मग दोरी आली. मग म्हटलं, आणखी थोडे दिवस नाही सापडली तरी चालेल."

"आणि आज?"

"आज ते बाद करणार म्हणाले." ती वळली. "गुडघा सांभाळून वाका. डॉक्टरांना बोलावू नका."

स्प्रिंग नानांनी स्वतःच बसवली, पुस्तक शेजारी उघडं ठेवून. या वेळी चित्र पाहिलं. सोमवारी गाडी पास झाली. तपासनिसानं या खेपेला "आणखी काही?" विचारलं नाही, सही करून भराभर चालता झाला.

येताना माई पुढं बसली होती. पेडल आपणहून वर येत होतं, अगदी गुमान. दोरी तिच्या पायाशी गुंडाळून पडलेली. पहिल्या वळणावर नानांनी पेडल सोडलं तेव्हा तिचा मोकळा हात मांडीवरून जरासा वर उचलला गेला आणि परत खाली आला. नानांनी इंजिनाचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू येत होता, पण त्यात काही नव्हतं. पुढच्या वळणावरही तिचा हात हलला, आधीपेक्षा कमी. अजून चार वळणांनी तो हलणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बसनं जाईल, हे नानांना गणितासारखं स्पष्ट दिसलं.

शाळेमागचं मोठं मैदान सुट्टीमुळे रिकामं होतं. नानांनी गाडी आत वळवली, मध्यावर थांबवली आणि ते उतरले. गाडीला वळसा घालून माईच्या दाराशी आले.

"काय झालं? काही वाजतंय का?"

"नाही. तू तिकडे सरक."

"कुठं?"

"तिकडे. अर्धी तुला येतेच आहे. उरलेली मी सांगतो."

माईनं त्यांच्याकडे पाहिलं, स्टीअरिंगकडे पाहिलं, मैदानात कुणी नाही ना हे पाहिलं. "उगाच चुका काढायच्या नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"खाकरायचंही नाही."

"बरं."

ती सरकली. नाना तिच्या जागी बसले, आणि हातांचं काय करावं हे न कळून त्यांनी पायाशी पडलेली दोरी उचलली. तिचं दुसरं टोक कशालाही बांधलेलं नव्हतं. माईनं पेडल दाबलं, गिअर टाकला, डोकं जरा कलतं केलं. पाऊण पेडल वर आलं, आवाज दबला, ती थांबली, मग सोडलं.

गाडी सुरू झाली ती हिसका न देता. नानांच्या हातून इतक्या वर्षांत ती अशी कधी सुरू झाली नव्हती. हे कबूल करावं की नाही, असा विचार त्यांच्या मनात आला.

"बोला की काहीतरी," समोर बघत माई म्हणाली.

"सांगतो," नाना म्हणाले आणि हातातली दोरी घट्ट धरून तिला छापखान्यातल्या जोडीचं सांगू लागले.